एवढासा देश, वायर टाकायला किती लागतंय? तरी नेट का रडतंय?

जांबोटी_फाटा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबचा आहे पण इथं लाईनीतले लोक आहेत म्हणून विचारतोय. मी बेळगावात एका बॅकऑफिसात आहे, हॉटेलांची बुकिंगं आणि हिशेब बघतो, आमच्याकडं पॅसिफिकमधली बेटं आलीत, फिजी, टोंगा वगैरे. फिजीवाल्यांचा कॉल एकदम क्लिअर, मागं भांडी वाजलेली पण ऐकू येतात. टोंगाच्या एका बाहेरच्या बेटावर गेस्टहाऊस आहे, तिथली बाई महिन्याची बिलं स्कॅन करून पाठवायची म्हटली की त्यांच्याकडं सगळे झोपल्यावर पाठवते, दिवसा अपलोड अर्ध्यात तुटतं म्हणे. फायली बारीक करून पाठवा म्हणून सांगितलं तर आकडेच वाचता येईनात.

माझ्या डोक्यात साधं गणित आहे. देश लहान म्हणजे वायर कमी, माणसं कमी, काम लवकर उरकायला पाहिजे. अख्ख्या टोंगात लाखभर माणसं, म्हणजे आपल्या बेळगाव शहराच्या पाचव्या हिश्शाएवढी. आणि इकडं भारत एवढा अवाढव्य पसरलेला तरी टिळकवाडीत दर आठवड्याला कुणीतरी फायबरचं कार्ड दारात सरकवून जातो. मग लहान देशच मागं का? का तिथलं सरकार झोपलंय?

(आमच्या गावचं तर विचारूच नका, खानापूर तालुक्यात जंगलपट्टीला आहे, चंदगडच्या बाजूचा टॉवर धरला तर धरला, नाहीतर देवळामागच्या कट्ट्यावर जाऊन उभं राहायचं. पण तो वेगळा विषय.)

निपाणी_केबल

जांबोटीकर, तुम्ही गावात वायर किती लागती ते मोजालाय, खरं पैसा तिथं जात नाही. आमचा धंदाच तो आहे म्हणून सांगतो. पूर्वी टीव्हीची केबल होती आता फायबर. एक ओएलटी बसवायची, म्हंजे सगळ्या घरांना लाईन वाटणारी मुख्य पेटी, तिच्या एका पोर्टवरनं एका तारेच्या अनेक तारा करणारा स्प्लिटर लावून ३२ नाहीतर ६४ घरं निघत्यात, घर वीस किलोमीटरच्या आत असलं म्हंजे झालं. ड्रॉप वायर स्वस्त, घरातला बॉक्स गिऱ्हाईक डिपॉझिट भरून घेतंय. इथपर्यंत घाम फुटत नाही. घाम फुटतो तो वरनं, म्हंजे मोठ्या कंपनीकडनं येणाऱ्या लाईनीला. ती मला पन्नास घरं असली तरी घ्यायची आणि सहाशे असली तरी घ्यायची. बॅटऱ्या, खांबाचं भाडं, तारा जोडायचं स्प्लायसिंग मशीन, ते चालवणारं पोरगं, सगळ्याचं तसंच.

आमच्याकडं नदीवर लिफ्ट स्कीम असत्यात बघा. जॅकवेल, मोटर, वर टाकीपर्यंत मेन लाईन, ह्याचा खर्च ठरलेला, पाणी घेणारे चाळीस असूदेत की चारशे. चाळीसच असले की एकरी पट्टी एवढी बसती की लोक म्हणत्यात नको तुझं पाणी, आणि चार जण सोडून गेले की उरलेल्यांची पट्टी अजून वर. देश लहान म्हंजे पाट लहान, हे बरोबर, खरं मोटर तेवढीच लागती. तुमच्या टोंगाची मोटर समुद्रात हाय एवढाच फरक.

शहापूर_ते_ऑकलंड

मूळ शहापूरचा, सध्या ऑकलंडात टेलिकॉममध्येच आहे, त्यामुळे हा विषय रोजचा. निपाणीवाल्यांनी मुद्दा बरोबर पकडलाय, त्याला फक्त भूगोल जोडतो.

फिजी चांगलं का, तर ते वाटेवर आहे. सिडनीहून अमेरिकेला जाणारी सदर्न क्रॉस नावाची समुद्राखालची केबल २००० साली सुरू झाली, ती फिजीच्या राजधानीला, सुव्याला, टेकून जाते. ती काही फिजीवाल्यांसाठी टाकलेली नव्हती, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ट्रॅफिकसाठी टाकली, यांना मधल्यामध्ये मिळाली. आपल्याकडं नाही का, पुणे-बेंगळुरू हायवेला लागून फायबर गेलंय म्हणून निपाणी, संकेश्वर, हत्तरगी सगळ्यांना मिळतंय, आणि हायवे सोडून कणकुंबीकडं वळलं की मोबाईल खिशात ठेवायचा.

टोंगा वाटेवर नाही. त्यांना स्वतःसाठी वेगळी केबल टाकावी लागली, फिजीपर्यंत ८२७ किलोमीटर, ती सुरू झाली २०१३ मध्ये, तोवर सगळा देश सॅटेलाइटवर. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेचा पैसा होता तेव्हा झाली, कुठल्या कंपनीनं नफ्यासाठी टाकलेली नाही. आणि तेव्हा केबल एकच. १५ जानेवारी २०२२ ला समुद्रातला ज्वालामुखी फुटला तेव्हा ती तुटली, पाच आठवडे देश जगापासून जवळपास तोडलेला. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून यायचं होतं, कारण असली जहाजं जगात मोजकी, लहान देशाला स्वतःचं पाळणं परवडतच नाही. आणि हे राजधानीच्या बेटाचं. बाहेरच्या बेटांना जाणारी आतली केबल जोडायला त्याहून कितीतरी जास्त महिने गेले. तुमची गेस्टहाऊसवाली बाई त्याच टोकाला असणार.

दुसरी केबल टाकली तर हा धोका कमी होतो, पण दुसऱ्या केबलनं गिऱ्हाईक एकही वाढत नाही, खर्च मात्र दुप्पट. लाख माणसांच्या बिलातून ते निघत नाही. तुवालूचं बघा, दहा-अकरा हजार लोक. जगभरचे व्हिडिओवाले पत्त्यात डॉट टीव्ही लावतात ते नाव तुवालूचं, त्याचं भाडं त्या सरकारला मिळतं, आणि तुवालूतले लोक स्वतः वर्षानुवर्षं सॅटेलाइटवर ताटकळत बसले.

फुकट_सल्ला

एवढं लिहायचं कशाला, छतावर सॅटेलाइटची डिश लावा, विषय खल्लास. आता काय मस्कच्या स्टारलिंकची कृपा आहे.

शहापूर_ते_ऑकलंड

@फुकट_सल्ला विषय खल्लास होत नाही हो. जुने सॅटेलाइट ३६ हजार किलोमीटरवर, आवाज जाऊन यायलाच अर्धा सेकंद, त्यामानानं नवीन साडेपाचशे किलोमीटरवरचे फार बरे, हे मान्य. टोंगात २०२२ ला ते कामाला पण आले, भूतानमध्ये २०२५ पासून सुरू झालेत. पण एका भागावर जेवढी कपॅसिटी पडते ती सगळ्यांत वाटून घ्यायची. विखुरलेल्या चार घरांना उत्तम, अख्खी राजधानी त्यावर चालवायची म्हटली तर संध्याकाळी सगळेच अडकतात. आणि महिन्याचं बिल डॉलरच्या हिशेबानं.

कॅम्पातला_कटकट्या

मला हे "खर्च ठरलेला, गिऱ्हाईक कमी" वाचून कंटाळा आलाय. अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मक्तेदारी, ते कुणी बोलत नाही. बाजार लहान असला की एकच कंपनी शिरते, सरकार तिला वीस-पंचवीस वर्षांचा एकटीचा मक्ता लिहून देतं कारण नाहीतर ती येतच नाही, आणि मग ती कंपनी आहे त्या तांब्याच्या वायरीवर दूध काढत बसते, फायबर कशाला टाकेल? कॅरिबियनमध्ये हेच झालं. बेटाबेटावर एकाच ब्रिटिश कंपनीचा मक्ता, केबल अँड वायरलेस. दर तिनं ठरवायचे, तक्रार कुणाकडं करायची तर त्या बेटाच्या सरकारी खात्यात, जिथं टेलिकॉम कळणारा माणूस एक, आणि कंपनीकडं वकिलांची फौज. शेवटी २००० साली डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुसिया, सेंट किट्स, सेंट व्हिन्सेंट अशा पाच देशांनी मिळून एकच नियामक संस्था काढली, एकटेल नावाची, तेव्हा कुठं दुसऱ्या कंपन्या आत आल्या. पैसा आकाशातून पडला नव्हता, फक्त एकटं भांडायचं सोडून एकत्र भांडले.

तेव्हा "लहान बाजार आहे हो, परवडत नाही" म्हणणारी कंपनी दिसली की आधी तिचा ताळेबंद मागा.

निपाणी_केबल

कटकटे साहेब मक्त्याचं बरोबर बोललासा. खरं दुसरा आला की सगळं गोड होतंय असंबी नाही. आमच्या एका गावात दोनशे घरं. आम्ही एकटे होतो, चाललं होतं. दुसरा आला, दर पाडले, त्यानं शंभर घेतली आम्हाला शंभर राहिली, दोघांचीबी लाईन तेवढीच, दोघंबी तोट्यात. वर्षभरानं तो गेला आणि खांबावर त्याच्या वायरीचा गुंता तसाच लोंबकळालाय, पोरं त्याचा झोका करत्यात. दोनशे घरांत दोघांचं पोट भरत नाही. लाखभर माणसांच्या देशात तीन कंपन्या प्रत्येकी आपापली वायर टाकायला लागल्या तर तेच व्हायचं.

शहापूर_ते_ऑकलंड

बरोबर इथंच न्यूझीलंडनं डोकं चालवलं. अख्खा देश म्हणजे माणसांच्या हिशेबात आपला बेळगाव जिल्हा, इथं पन्नास लाखांच्या थोडं वर, तिकडं जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत पावणेअठ्ठेचाळीस लाख. एकेकाळी इथलं ब्रॉडबँड म्हणजे रडगाणं होतं, महिन्याची डेटाची मर्यादा संपली की लोक महिनाअखेर मोजत बसायचे. २०११ मध्ये जुन्या टेलिकॉम कंपनीचे दोन तुकडे केले. वायर सांभाळणारी कंपनी वेगळी, तिचं नाव कोरस, आणि गिऱ्हाइकाला प्लॅन विकणारी वेगळी. सरकारनं पैसा घातला तो वायरीत, कोरस आणि काही गावांच्या स्थानिक कंपन्यांबरोबर भागीदारीत, आणि अट अशी की वायरवाल्यानं घरगुती गिऱ्हाइकाला थेट विकायचं नाही, जो विकायला येईल त्याला सारख्या दरात वायर द्यायची. म्हणजे खांब एक, वायर एक, दुकानं पाहिजे तेवढी. २०२२ संपेपर्यंत ८७ टक्के लोकांच्या दारापाशी फायबर पोचलं होतं.

निपाणीचे मामा, तुमच्या त्या गावात हेच केलं असतं तर झोपाळा लोंबकळत राहिला नसता.

ट्रेसरूट_ताई

मी नेटवर्कमध्ये आहे (हुबळीत नोकरी, घर टिळकवाडीत), एक गोष्ट राहिली म्हणून लिहितेय. वायर पडली तरी लहान देशाचं नेट महाग आणि हळू राहतं, कारण माल सगळा बाहेर ठेवलेला असतो. आपण मोबाईलवर व्हिडिओ बघतो तो अमेरिकेतून येतोय असं वाटतं पण बहुतेक वेळा तो मुंबई-बेंगळुरूत किंवा आपल्याच कंपनीच्या खोलीत ठेवलेल्या सर्व्हरवरून येतो, गूगल, नेटफ्लिक्सवाले ते कॅशचे डबे, म्हणजे जास्त बघितला जाणारा माल जवळ साठवणारे सर्व्हर, स्वतः देतात. पण ठरावीक ट्रॅफिक असल्याशिवाय देत नाहीत. लहान देशात तेवढं ट्रॅफिक नाही, म्हणून डबा नाही, म्हणून प्रत्येक व्हिडिओ समुद्राखालून डॉलर मोजून आणायचा, म्हणून नेट महाग, म्हणून लोक कमी वापरतात, म्हणून ट्रॅफिक नाही. बसा फिरत.

दुसरं म्हणजे देशातल्या देशात अदलाबदलीची जागा. आपल्याकडं निक्सी २००३ साली निघाली ती याचसाठी, की दोन भारतीय कंपन्यांमधलं ट्रॅफिक परदेशी जाऊन परत यायला नको. अशी जागा नसली तर शेजारच्या घरी पाठवलेला ईमेल समुद्रापलीकडं जाऊन येतो. हसू नका, बेळगावात पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेऊन एकमेकांना ट्रेसरूट (रस्ता दाखवणारी कमांड) मारून बघा, डेटाचं पाकीट कुठवर फिरून येतंय ते दिसेल, गल्ली ओलांडायला बेंगळुरू नाहीतर मुंबई.

आणि ज्या देशाला समुद्रच नाही त्याची गत अजून वेगळी, त्याची चावी शेजाऱ्याच्या खिशात. भूतानला इंटरनेट आणि टीव्ही दोन्ही १९९९ साली आले, त्यांची लाईन आपल्या सिलिगुडीवरून जाते. नेपाळ काही लहान नाही, तीन कोटी लोक, तरी २०२४ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी तिथलं नेट काही तास बसलं, कारण तिथल्या कंपन्यांची भारतातल्या पुरवठादाराकडं थकबाकी होती, आणि ती थकली होती कारण त्यांच्याच सरकारनं डॉलर बाहेर पाठवायची परवानगी अडवून ठेवली होती. कमाई आपल्या रुपयात, देणी डॉलरमध्ये, हे लहान देशाच्या प्रत्येक कंपनीचं दुखणं. बँक कर्ज देताना तेच आधी बघते.

जांबोटी_फाटा

बापरे, एवढं सगळं. पण मग मला सांगा, लक्षद्वीपला कसं काय गेलं? २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्राखालनं फायबर सुरू केलं, खर्च १,०७२ कोटी असं बातमीत होतं. २०११ ला तिथली लोकसंख्या साडेचौसष्ट हजारही नाही पुरती. भागून बघितलं, माणशी दीड लाखाच्या वर जातंय! टोंगापेक्षा लहान बाजार. अंदमानला पण २०२० मध्ये चेन्नईहून तेवीसशे किलोमीटर टाकली, सव्वाबाराशे कोटी. म्हणजे लहान बाजाराला परवडत नाही हे कारण कुठं राहिलं?

ट्रेसरूट_ताई

परवडत नाहीच, त्यांच्या बिलातून शंभर वर्षांत वसूल होणार नाही. ते तुम्ही-आम्ही भरतोय. टेलिकॉम कंपन्यांच्या कमाईतून पाच टक्के एका फंडात जातात, पूर्वी यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी, त्यातून हे झालं. लक्षद्वीप लहान आहे पण त्याच्या मागं एकशेचाळीस कोटींचा देश आहे रिचार्ज मारणारा. टोंगाच्या मागं कोण? टोंगाच. म्हणून ते जागतिक बँकेच्या दारात उभे. लहान बाजार मोठ्या देशाच्या पोटात असला की बाकीचे ओढून नेतात, लहान देश एकटा असला की ओढायला कुणी नाही, सगळा खेळ इथं आहे.

शहापूर_ते_ऑकलंड

एकटा असून जमवलेला एक आहे की, आइसलँड. चार लाखांच्या आत लोकसंख्या, अटलांटिकच्या मधोमध. तरी २००४ ला एक केबल स्कॉटलंडकडं, २००९ ला दुसरी डेन्मार्कला, आणि अलीकडं तिसरी आयर्लंडला. तिन्ही फारिसे नावाच्या कंपनीच्या, आणि ती कंपनी सरकारी. गावातलं फायबर बरंचसं राजधानीच्या वीज-पाणी बघणाऱ्या नगरपालिकेच्या कंपनीनं टाकलं. देश श्रीमंत आहे हे खरंच, आणि दोन तृतीयांशाच्या आसपास लोक एकाच शहराच्या आजूबाजूला राहतात हाही फायदा, टोंगासारखी बेटं सांधत बसायची नाहीत. पण ठरवून सरकारनं मोटर स्वतःची बसवली आणि पाणी सगळ्यांना खुलं ठेवलं, निपाणीच्या भाषेत.

कॅम्पातला_कटकट्या

फंडाचं कौतुक पुरे. तोच फंड, त्यातूनच गावोगावच्या पंचायतींना फायबर द्यायची योजना, २०११ ला मंजूर झाली, अडीच लाख पंचायती, मग नाव बदलून भारतनेट झालं, २०२३ ला परत १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना आली. पैसा मोजू नका, तो आहे. पंचायतीच्या भिंतीपर्यंत वायर न्यायला योजना असते, भिंतीपासून घरापर्यंत कुणी न्यायची हे पहिल्या दिवसापासून कुणाचंच काम नव्हतं. माणशी दीड लाख लक्षद्वीपला घातले ते ठीक, संरक्षणाचा पण विचार असेल त्यात. जंगलातल्या वाडीला ते गणित कोण लावणार? तिथं ना आरमार ना पर्यटन.

मास्तरीणबाई_खानापूर

पंचायतीच्या भिंतीचं वाचून राहवलं नाही. एका गावाचं सांगते, नाव घेत नाही. बॉक्स आलाय, पीडीओंच्या, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांच्या खोलीत कपाटावर ठेवलाय, हिरवा दिवा लागला की समजायचं चालू आहे. पीडीओंकडं दोन पंचायतींचा चार्ज, ते दुसरीकडं गेले की खोलीला कुलूप. पावसाळ्यात वीज जाते ती दुसऱ्या दिवशी येते, बॅटरी कधीच बसलेली. शाळा समोरच आहे, मधे फक्त रस्ता आणि एक वडाचं झाड, पण शाळेपर्यंत वायर आलेली नाही, कारण ती कुणाच्याच एस्टिमेटमध्ये नव्हती. ऑनलाइन हजेरी भरायला मी स्कूटरवर बसून फाट्यावर जाते.

निपाणी_केबल

बाई, तसलंच आमच्याकडं. टाकायला फोटो काढायला सगळे येत्यात, सांभाळायला कोण नाही. फायबर टाकणं म्हंजे एकदाचा खर्च, खरं पावसात जॉइंटच्या डब्यात पाणी शिरलं की मीटरवर मायनस वीस असलेलं मायनस अठ्ठावीस दाखवालंय, म्हंजे तारेतला उजेड मंदावला, बॉक्सवर लाल दिवा, आणि तो डबा नेमका शिवारात चिखलातल्या खांबावर. रात्री बॅटरी तोंडात धरून केसासारखी तार जोडणारं पोरगं पाहिजे, आणि त्याला महिन्याला पगार पाहिजे, लाईन तुटूदे नाहीतर न तुटूदे. जाणतं झालं की तेच पोरगं पुण्याला जातंय दुप्पट पगारावर. तुमच्या टोंगातबी तेच होत असणार, शिकलेलं पोरगं ऑकलंडला. काय हो शहापूरकर?

शहापूर_ते_ऑकलंड

माझ्या टीममध्ये दोघं टोंगाचे आहेत मामा 😀 आणि एक मी बेळगावचा.

जांबोटी_फाटा

मामा एक विचारू का. आमच्या गावाला फायबर आणायचं म्हटलं तर तुम्ही काय काय मोजाल? गणपतीला सगळे मुंबई-पुणे-गोव्याहून येतात, तेव्हा बैठक घेऊन सह्या गोळा करतो. साठ-सत्तर घरं सहज होतील.

निपाणी_केबल

तिकडं माझी लाईन नाही, खरं खानापुरात ओळखीचा हाय, त्याला हेच सांगणार. एक, जवळची चालू लाईन कुठवर आलीया आणि तिथनं तुमच्या वेशीपर्यंत खांब किती, मधे जंगल खात्याची हद्द लागती का, लागत असली तर परवानगीचं आधी बघा, वायरीचं नंतर. दुसरं, पंचायतीत नाहीतर शाळेत एक खोली, इन्व्हर्टर ठेवायला, जिची किल्ली गावातल्या माणसाकडं राहील. तिसरं, गावातलंच एक पोरगं जे गाव सोडून जाणार नाही, त्याला आम्ही शिकवतो.

आणि गणपतीतल्या सह्या धरू नका. गणपतीत घरं भरलेली असत्यात. मार्गशीर्षात किती चुली पेटत्यात आणि त्यातल्या किती जणी महिन्याला बिल भरणार ते मोजून कळवा, पंचवीस निघाल्या तरी बोलू.